ज्याचा मीटर, त्याला आकडा

नगरपालिका, रेल्वे, वीज कंपनी आणि बँक यांना मी आजवर लिहिलेली पत्रे कुणी सलग वाचली, तर लिहिणारा माणूस कायम संतापलेला असतो असा निष्कर्ष तो काढील, आणि तो निष्कर्ष बरोबर आहे. अंबरनाथच्या फॅक्टरीत मी आस्थापना विभागात होतो. कामगारांवर खातेनिहाय चौकशी बसली की त्यांच्या बाजूने उभा राहत असे. तेव्हापासून कुठलाही कागद समोर आला की मी आधी त्यातले कलम शोधतो आणि मग त्या कलमाचा भंग करणाऱ्याला. या दीर्घ पत्रव्यवहारात माझी एकच मागणी शब्दशः मान्य झाली. ती माझ्यासाठी नव्हती. ती काशिनाथ भोईरसाठी होती. आणि ती मान्य झाल्यामुळेच त्या माणसाची सुटायची वाट बंद झाली.

काशिनाथ कात्रप भागातल्या आमच्या इमारतीत राहायला आला, त्या दिवशी सामानाचा टेम्पो दारात उभा ठेवून तो आधी जिन्याखाली गेला. शर्टाच्या खिशातून छोटी बॅटरी काढली, एकेका मीटरवर प्रकाश टाकला आणि माझ्या मीटरसमोर थांबून मोठ्याने आकडा वाचला.

"तुमचाच ना हा? बघून घ्या."

"मला कशाला? बिल येतेच की."

"बिल कंपनीचं. आकडा तुमचा. ज्याचा मीटर, त्याला आकडा."

उल्हासनगरच्या कॅम्प म्हणवणाऱ्या वस्त्यांतून त्याने आयुष्यभर मीटर रीडिंग घेतले होते. बाकीचे रीडर आकडा टिपून पुढच्या दारी जात. काशिनाथ घरातल्या माणसाला बाहेर बोलावी, बॅटरी धरी आणि आकडा दाखवल्याशिवाय हलत नसे. म्हातारी असो, शाळकरी पोर असो, हातात कणीक असलेली गृहिणी असो. त्यामुळे त्याचे काम नेहमी मागे पडे आणि वरिष्ठांचे बोलणे खावे लागे. ते तो खाई. निवृत्तीनंतरही बॅटरी खिशातच राहिली आणि आकडे मोठ्याने वाचायची सवयही. वजनकाटा, गॅसचा सिलिंडर, रिक्षाचा मीटर, डॉक्टरकडचा रक्तदाब. कुठलाही आकडा दिसला की तो ज्याचा असेल त्याला तिथल्या तिथे ऐकवला जाई.

दुसरी सवय मात्र मागे राहण्याची होती. तो लिफ्टमध्ये पाऊल टाकत नसे. घराचे दार दिवसा अर्धे उघडे ठेवी, आणि कुणाच्याही घरी गेला तरी उंबरठ्याजवळची खुर्ची धरी. सोसायटीच्या सभेत मी त्याला पुढे बोलावले की म्हणे, "मना इथंच बरं हाय, वकीलसाहेब." मी वकील नाही, हे मी त्याला अनेकदा सांगितले. त्याने ते एकदाही ऐकले नाही.

दाराजवळच्या त्या खुर्चीचे कारण मला लछूभाईंकडून कळले. लछूभाई म्हणजे उल्हासनगरात जीन्स शिवण्याचा छोटा कारखाना चालवणारे सिंधी गृहस्थ. काशिनाथ तरुण असताना त्यांच्या शेजारच्या एका दुकानदाराने मीटरला लोहचुंबक चिकटवून तो मंद केला होता. काशिनाथने चुंबक काढून हातात घेतला आणि शिरस्त्याप्रमाणे दुकानदाराला आकडा दाखवायला बोलावले. दुकानदाराने आकडा पाहिला, बाहेर गेला आणि जिन्याखालच्या मीटरखोलीला बाहेरून कडी घालून कुलूप लावून निघून गेला. उन्हाळ्याची दुपार, पत्र्याचे दार, खिडकी नाही. काशिनाथ किती वेळ दार बडवत होता हे त्याने कुणालाही सांगितले नाही. शेवटी लछूभाईंनी हातोड्याने कडी तोडली.

"बाहेर आला तर असा पांढरा!" लछूभाई मला सांगत होते. "मी म्हटलं, साईं, आधी बस. बायकोने पाणी दिलं, पापड दिला. पहिला ग्लास अर्धा अंगावरच सांडला. पापड मात्र सगळा खाल्ला."

सिंधी घरात आल्यागेल्याला प्रथम पापड आणि पाणी मिळते. नाही म्हणणे म्हणजे घरालाच नाही म्हणणे. त्या दिवसापासून काशिनाथने लछूभाईंच्या घरचा पापड आणि पाणी कधी नाकारले नाही. आगरी माणूस, आजोबांची मिठागरे होती. "मीठ आमच्या रक्तात हाय," असे तो म्हणे. पुढे डॉक्टरांनी नेमके तेच सांगितले, फक्त कौतुकाने नाही.

रक्तदाब आणि साखर यांनी वर्षानुवर्षे त्याच्या दोन्ही किडन्या हळूहळू निकामी केल्या. पत्नी आधीच गेलेली. घरात तो आणि त्याची मुलगी सुवर्णा. सुवर्णा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या एका कंपनीत तपासणी विभागात होती आणि बापाइतकीच हट्टी होती. डॉक्टरांनी डायलिसिस किंवा प्रत्यारोपण असे दोन शब्द उच्चारले, त्याच आठवड्यात तिने बापाला न विचारता स्वतःच्या तपासण्या करून घेतल्या. किडनी जुळत होती.

त्यानंतरचे भांडण आमच्या मजल्याने ऐकले. दार अर्धे उघडे होते.

"माझं लाइफ आहे, मी ठरवीन ना!"

"तुझं लगीन व्हायचंय. पोटावर टाका घेऊन उभी राहशील?"

"ज्याला टाका चालत नाही, तो मला नको. सिंपल आहे."

"मना नको तुझी किडनी. माझी चालू हाय अजून. थकली असंल, मेली नाय."

हा शेवटचा मुद्दा त्याने पकडून ठेवला. मेली नाही. आणि त्याच सुमारास मुंबईतल्या ज्या रुग्णालयात तो तपासणीसाठी जाई, तिथल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी त्याला त्यांच्या अभ्यासात भाग घ्याल का, असे विचारले. त्या एमआरआयच्या यंत्रातून किडनीत प्राणवायू किती पोहोचतो ते मोजत होत्या. ऑक्सिजन असलेले रक्त आणि ऑक्सिजन सोडून दिलेले रक्त चुंबकापुढे वेगळे वागते. त्या फरकावरून किडनीचा रंगीत नकाशा तयार होतो. टोचायचे काही नाही, शिरेतून औषध सोडायचे नाही. ज्या भागाला प्राणवायू मिळतो तो निळा, जो गुदमरतो तो लाल.

काशिनाथला एवढेच ऐकू आले की त्याच्या किडनीला अखेर एक मीटर बसणार आहे. घरी येऊन त्याने सुवर्णाशी सौदा केला. मी साक्षीदार होतो. चित्र निळे आले तर सुवर्णाने किडनीचा विषय कायमचा सोडायचा. लाल आले तर तो मुकाट्याने सही करील. सुवर्णाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, हा करार वैद्यकीय दृष्ट्या निराधार आहे. दोघांनीही माझ्याकडे दुर्लक्ष केले आणि हात मिळवले.

संमतीपत्र मी वाचले. त्यात स्वच्छ लिहिले होते की सहभागी व्यक्तीला तिचा वैयक्तिक निष्कर्ष कळवला जाणार नाही. माझ्या मस्तकात काय झाले ते सांगायची गरज नाही. माणसाचे पोट, माणसाची किडनी, माणसाने रोखलेला श्वास. आणि आकडा मात्र संस्थेच्या कपाटात! मी रुग्णालयाच्या नीतिशास्त्र समितीला पत्र लिहिले. उत्तर आले नाही, तेव्हा स्मरणपत्र. त्यानंतर अधिष्ठात्यांना प्रत. डॉक्टरबाईंनी मला भेटायला बोलावले आणि अत्यंत शांतपणे समजावले, जे मला अधिकच असह्य झाले.

"काका, लपवायचं नाहीये काही. पण एका माणसाच्या चित्राचा अर्थ काय लावायचा, हे आम्हालाच अजून पक्कं माहीत नाही. त्यासाठीच तर अभ्यास आहे. उद्या कुणी त्या चित्रावर ट्रीटमेंट ठरवली तर?"

त्यांचे म्हणणे बरोबर होते. माझेही बरोबर होते. शेवटी समितीने लेखी कळवले की सहभागी व्यक्तीला स्वतःचे चित्र पाहता येईल. मात्र त्यावरून उपचाराचा निर्णय घेऊ नये. मी ते पत्र काशिनाथला वाचून दाखवले. पहिला भाग त्याने दोनदा वाचायला लावला. दुसरा भाग त्याच्या कानांत शिरलाच नाही.

तपासणीच्या आधी मीठ आणि पाणी यांवर कडक बंधन होते, कारण दोन्हींमुळे किडनीतले प्राणवायूचे चित्र बदलते. आदल्या दिवसापासून अळणी जेवण आणि सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. अंमलबजावणी माझ्याकडे होती आणि मी ती चोख केली. लछूभाई स्वतः गाडी चालवून मुंबईला नेणार होते. आम्ही त्यांच्या इमारतीखाली पोहोचलो, तर फाटकाच्या तोंडावर कुणी टेम्पो आडवा लावून ठेवला होता. मी टेम्पोवाल्याला वाहतुकीच्या नियमांची जाणीव करून देत असताना काशिनाथ "भाभींना सांगून येतो" म्हणून वर लछूभाईंच्या घरी गेला. सुवर्णा माझी समजूत घालत होती. तो खाली आला तेव्हा ओठ पुसत होता, हे मी पाहिले आणि त्यावर विचार केला नाही.

यंत्राची खोली पाहून त्याचा चेहरा उतरला. पांढरी, अरुंद नळी; तिच्यात माणसाने आडवे आत जायचे. बॅटरी, बेल्ट, घड्याळ, सगळे काढून घेतले.

"आयुष्यभर मीटरला मॅग्नेट लावणारे पकडले," तो तंत्रज्ञाला म्हणाला, "आता मलाच मॅग्नेटमदी घालताय." तंत्रज्ञ हसला. काशिनाथ हसला नाही.

पहिल्यांदा आत गेला आणि लगेच बाहेरच्यांना बोलावण्यासाठी हातात दिलेला रबरी फुगा दाबून बाहेर आला. घामाने भिजला होता. दुसऱ्यांदाही तेच. तेव्हा सुवर्णाने कानांतले काढले, बांगड्या काढल्या, परवानगी घेऊन आत गेली आणि त्याच्या पायाशी उभी राहिली. मी काचेपलीकडून पाहत होतो. मला फक्त दोन पाय दिसत होते, करड्या मोज्यांतले, आणि उजव्या पायाचा अंगठा सुवर्णाच्या मुठीत. ध्वनिवर्धकातून आवाज येई: श्वास घ्या. सोडा. थांबा. श्वास सोडून थांबायचे असते, म्हणजे किडनी हलत नाही. दर वेळी त्याची बोटे ताठ होत आणि "श्वास घ्या" म्हटले की सैल पडत. ज्या पोरीपासून सुटण्यासाठी तो त्या नळीत शिरला होता, तिच्याच हाताच्या आधाराने तो आत टिकला.

चित्र पाहायला आम्हाला काही दिवसांनी बोलावले. डॉक्टरबाईंनी पडदा आमच्याकडे वळवला. घेवड्याच्या दाण्यासारखे दोन आकार, आणि त्यांत बराचसा निळा रंग. त्या स्वतःच जरा चकित झाल्या होत्या. "अपेक्षेपेक्षा बरं दिसतंय," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "पण काका, मी आधी सांगितलंय..."

सुवर्णा खाली मान घालून बसली. हरली होती ती. मी काशिनाथच्या पाठीवर थाप मारणार होतो. तो पडद्याकडे एकटक पाहत होता. त्याने खिशातून बॅटरी काढली, उजेड असलेल्या पडद्यावर उगाचच प्रकाश टाकला, विझवली आणि म्हणाला,

"मॅडम, ह्या रीडिंगवर शेरा मारा."

"कसला?"

"छेडछाड. त्या दिवशी सकाळी मी पानी प्यायलो. दोन ग्लास. आनि पापड खाल्ला. मिठाचा."

डॉक्टरबाईंनी पडदा परत स्वतःकडे वळवला.

"का?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"त्या घरी नाय म्हनता येत नाय मना."

सुवर्णा आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. मी मात्र रुग्णालयाच्या त्या खोलीत आवाज चढवला. "अरे मूर्खा, जिंकला होतास! तू गप्प बसला असतास तर जगात कोणाला कळले असते?"

"कोनी बघत नाय म्हनूनच मॅग्नेट लावतात, वकीलसाहेब," तो म्हणाला. आवाजात उपदेश नव्हता. जाळ्यात अडकलेला माणूस जाळ्याची वीण दाखवतो तसा तो बोलला.

पाण्याने चित्र खोटे निळे होऊ शकते, असे सांगून डॉक्टरबाईंनी ते मोजमाप अभ्यासातून वगळले. आणखी एकदा घेण्याची तरतूद होती. दुसऱ्या वेळी आम्ही पुन्हा लछूभाईंच्या फाटकापाशी पोहोचलो. या वेळी लछूभाई गाडी काढून खालीच उभे होते. काशिनाथने सवयीने वर, पहिल्या मजल्याच्या खिडकीकडे पाहिले. खिडकी बंद होती.

"भाभी?"

"ती नाही येणार साईं, खिडकीत पण नाही. तू दिसलास तर पाणी विचारावं लागेल. विचारलं तर तुला प्यावं लागेल. म्हणून आत देवापाशी बसलीय."

काशिनाथने बंद खिडकीला नमस्कार केला आणि गाडीत बसला. नळीत या वेळी तो पहिल्याच खेपेला गेला. सुवर्णाने पुन्हा अंगठा धरला होता.

दुसरे चित्र लाल होते. मधे कुठेतरी निळ्याचे ठिपके, जळून गेलेल्या कापडाच्या कडेला उरलेल्या मूळ रंगासारखे. डॉक्टरबाईंनी पुन्हा बजावले की निर्णय यावर घ्यायचा नाही. रक्ताच्या तपासण्या कितीतरी महिने हेच सांगत होत्या आणि निर्णय त्यांच्यावरच व्हायचा आहे. मी मनातून त्यांचे म्हणणे मान्य केले. काशिनाथने सुवर्णाला जवळ बोलावले. खुर्चीतून उठून बाजूला झाला, तिला पडद्यासमोर उभे केले आणि बॅटरी लावली.

"बग. नीट बग. मीटर माझा हाय, पन तू बगून घे."

तिने पाहिले.

"सही कुठं करायची?" त्याने विचारले.

प्रत्यारोपणापूर्वी रुग्णालयाची समिती देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची स्वतंत्र चौकशी करते. देणाऱ्यावर दडपण नाही ना, हे पाहणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि मी त्या कायद्याचा आदर करतो. परंतु घ्यायची इच्छा नसलेल्या बापावर दडपण आहे की काय, हे पाहणारे कलम मला त्यात कुठेही सापडले नाही. मी तसे पत्र लिहायला घेतले होते. काशिनाथने ते फाडायला लावले. समितीसमोर त्याला विचारले, "कुणावर काही दबाव आहे का?" त्याने उत्तर दिले, "हाय. माझ्यावर हाय. तिच्यावर नाय." समितीचे सभासद हसले. त्यांना तो विनोद वाटला.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. सुवर्णा काही आठवड्यांत कामावर रुजू झाली. काशिनाथला मात्र आता उलट आज्ञा होती: भरपूर पाणी प्या. आजारपणात घोट घोट मोजून प्यायलेल्या माणसाला आता तांब्या भरून पाणी समोर येई, आणि तो ते पिताना अवघडून जाई, दुसऱ्याच्या घरात परवानगीशिवाय शिरल्यासारखा. त्यातूनच त्याची शेवटची सवय लागली. रक्ताचा रिपोर्ट आला की तो आधी सुवर्णाला फोन करी, ती कामावर असली तरी, आणि आकडा वाचून दाखवी. दर ग्लासामागेही तेच. ती वैतागे.

"बाबा, मीटिंगमध्ये आहे मी! आणि ती किडनी आता तुमची आहे ना, मला काय सांगता?"

"भिंत माझी. मीटर तुझ्या नावावर हाय."

लोक म्हणत, आता तो मोकळा झाला. मला तसे कधी दिसले नाही. तो आनंदी होता, पण मोकळा नव्हता. लिफ्टमध्ये तो शेवटपर्यंत चढला नाही. बसताना उजवा हात पोटावर ठेवी, एखाद्याने सांभाळायला दिलेल्या वस्तूवर ठेवतात तसा. काही वर्षांनी तो गेला तो हृदयविकाराने. किडनी त्या दिवसापर्यंत उत्तम चालू होती, हे डॉक्टरांनी सुवर्णाला सांगितले. तिने तो आकडा विचारून घेतला.

मी त्याला अखेरचे पाहिले ते लछूभाईंच्या घरी, त्यांच्या नातवाच्या वाढदिवसाला. काशिनाथ दाराजवळच्या खुर्चीत होता. सुवर्णा आतल्या सोफ्यावर कुणाशी बोलत होती. भाभींनी ताट आणले, त्यात भाजलेला पापड आणि पाण्याचा उंच ग्लास. त्याने पापडाचा नखाएवढा तुकडा मोडला, मान ठेवण्यापुरता, आणि बाकीचा ताटात परत ठेवला. मग दोन्ही हातांनी ग्लास उचलला आणि एका दमात, डोळे मिटून, सगळे पाणी प्यायला. ग्लास उलटा करून दाखवला. खोलीभर माणसे बोलत होती. त्या गलक्यावरून त्याने आवाज दिला,

"सुवर्णा! एक ग्लास."

तिने बोलणे न थांबवता, मागे न पाहता, हात वर केला.

"ऐकलं, बाबा."